जिवंत बाबांचं तेरावं

बाबा ख्रिस्ती झाले तेव्हा काकांनी अंजनगावात त्यांचं तेरावं घातलं. सख्ख्या, जिवंत थोरल्या भावाचं. गाव बुंदी जेवला. वर आईच्या बांगड्या फोडायला काकांनी चार बायका आमच्या दारी पाठवल्या. आईनं दाराला कडी घातली आणि आम्ही आतून त्यांच्या हाका ऐकत बसलो.

मग आम्ही अकोल्याला आलो. बाबा पाद्र्याच्या शाळेत शिकवू लागले. अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि गावाकडे काकांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तेव्हा मला पंधरावं लागलं होतं.

रोज संध्याकाळी घरात प्रार्थना व्हायची. अपराध्यांना क्षमा केल्याची ओळ आली की मी ओठ मिटून घ्यायची. आईनं एकदा डोळे वटारले, पण बाबा म्हणाले, "राहू दे तिले. पोटात नसन तं ओठावर काहून आनावं तिनं? देवाशी खोटं बोलू नये."

पुढे अमेरिकेतली लढाई थांबली आणि भाव कोसळला. काकांच्या कापसाच्या गाड्या अकोल्याच्या बाजारात उभ्या राहिल्या, गिऱ्हाईक फिरकेना. एका दुपारी काका आमच्या दारात आले. शेंब्या विकल्या होत्या, तोंड सुकलं होतं. त्यांनी पाणी मागितलं.

मी तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. "मेलेल्याच्या घरचं पानी चालते का तुमाले?"

 काका खाली बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. मी वरून धार धरली, जशी गावात ते विहिरीवर महाराला धरायचे. मला फार गोड वाटलं. मी धार मुद्दाम बारीक केली.

बाबांनी मागून येऊन तांब्या माझ्या हातून घेतला आणि काकांच्या हातात दिला. काका त्याला तोंड लावून प्याले आणि मान खाली घालून गेले.

संध्याकाळी प्रार्थनेत ती ओळ आली आणि बाबा थांबले. त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. आई त्यांच्याकडे बघत राहिली.

शेवटी ती ओळ मी म्हटली. बाबांना एकट्याला तिथं थांबू द्यायचं नव्हतं, म्हणून. काकांना मी आजही माफ केलेलं नाही.