घसामास्तर आणि मावशींची आरोळी

घसामास्तरांनी भाजी सोडली, ही बातमी इमारतीच्या तळमजल्यावरून निघाली आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. बातमीचा उगम म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले कारकूनकाका. सकाळी नऊला भाजीवाल्या मावशींची हातगाडी फाटकापाशी लागली, "भाजीऽऽ ताजी भाजीऽऽ" अशी आरोळी आली, की मास्तर मागच्या जिन्याने सटकतात, हे काकांनी डोळ्यांनी तीनदा पाहिलं होतं.

"डॉक्टरने हिरवं बंद केलंय," काका हळहळले. "बिचाऱ्याला आता नावसुद्धा ऐकवत नाही."

किडन्या ठणठणीत होत्या. भाजीही घरात येत होती, फक्त ती कॉलेजजवळच्या बाजारातून, मास्तरांच्या पिशवीत उत्तरपत्रिकांखाली दडून यायची. मास्तरांना भाजी चालत होती. चुकवायचं होतं ते मावशींचं तोंड.

आता घसामास्तर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. आवाजाचे दोष कसे बरे करावेत हे ते कॉलेजात शिकवतात, आणि उरलेला वेळ सगळ्या इमारतीला शिकवतात. जिन्यात कोणी जोरात हाक मारली की मास्तरांचं दार उघडलंच म्हणून समजा. "ओरडू नका, पाणी प्या." त्यांच्या लग्नात वरातीतल्या बँडवाल्यालाही त्यांनी हेच सांगितलं होतं, असं त्यांची बायको सांगते. पण माणूस सरळ. मुंगी चिरडली तर तिच्या नातेवाइकांना भेटून येईल असा.

दोन वर्षांपूर्वी मावशींचा आवाज पार बसला होता. मास्तरांनी त्यांना वर बोलावलं, जेवणाच्या टेबलापाशी बसवलं, पुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "तुमची आरोळी टेप करू का? अभ्यासाला लागेल."

"करा की," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही टेप केली म्हणून काय झिजणार आहे?"

मास्तरांनी त्यांना ओठ मिटून गुणगुणण्याचा व्यायाम शिकवला, गाडीवर पाण्याची बाटली ठेवायला लावली. चार महिन्यांत आवाज सुटला. अशा अकरा फेरीवाल्यांच्या घशांवर मास्तरांनी लेख लिहिला, टेप केलेल्या आरोळ्या सोबत जोडल्या, आणि कोणालाही फुकट वाचता येईल अशा एका नियतकालिकाने तो घेतला. फेरीवाल्यांची नावं मात्र गुप्त. तो नियम मास्तरांनी काटेकोर पाळला.

छापण्याआधी संगणकाच्या पडद्यावर प्रश्न आला: लेखाला लायसन्स, म्हणजे इतरांना वापराची परवानगी, कोणतं देता? खाली चौकोन होते. मास्तर ग्रंथालयातल्या बाईंकडे गेले. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून समजावलं, "पहिल्यात लेखकाचं नाव देऊन कोणीही काहीही करू शकतं, धंदासुद्धा. दुसऱ्यात धंदा चालत नाही. त्याखालच्यात बदल चालत नाहीत. शेवटच्यात दोन्ही नाही. नीट विचार करा सर, एकदा दिलं की मागे घेता येत नाही."

"विचार कसला करायचा? ज्ञान म्हणजे काय माझ्या बापाची इस्टेट आहे?" असं म्हणून मास्तरांनी पहिल्या चौकोनावर बोट दाबलं. वर स्टाफरूममध्ये जाऊन, दुसरा चौकोन निवडणाऱ्या एका सहकाऱ्याला सगळ्यांसमोर चिक्कूही म्हणून घेतलं. त्या दिवशी मास्तर दोन इंच उंच दिसत होते म्हणे.

मग एके दिवशी त्याच स्टाफरूममध्ये, त्याच चिक्कू सहकाऱ्याच्या खिशातला फोन ओरडला: "भाजीऽऽ ताजी भाजीऽऽ."

मास्तरांच्या हातातला चहा बशीत सांडला. तो घोगरेपणा, तो मध्येच फाटणारा 'जी'... मास्तर हजारांत ओळखतील असा घसा.

"घरपोच भाजीचं ॲप आहे," सहकारी म्हणाला. "माल दारात आला की असं ओरडतं. मस्त ना? बायको तर आता खाली उतरतच नाही."

मास्तरांनी ॲप उघडून खालची बारीक अक्षरं वाचली. आरोळी त्यांच्या लेखातून घेतली होती, आणि लायसन्समध्ये सांगितल्याप्रमाणे लेखकाचं नाव अगदी बिनचूक दिलं होतं. मास्तरांचं. मावशींचं नाव कुठून देणार? ते मास्तरांनीच नीट झाकून ठेवलं होतं.

ते तडक ग्रंथालयात गेले. "तो चौकोन बदलता येईल?"

"नाही सर. तेव्हाच सांगितलं होतं." बाईंना त्यांचा चेहरा बघून दया आली असावी. "पण लायसन्स लेखाचं आहे, माणसाचं नाही. ज्यांचा आवाज आहे त्या स्वतः हरकत घेऊ शकतात. आधी त्यांना कळायला तर हवं."

म्हणजे मावशींना सांगायचं. तेवढंच एक उरलं होतं, आणि तेवढंच मास्तरांच्याने होईना. अठरा दिवस ते मागच्या जिन्याने उतरले. मधल्या काळात इमारतीतल्या चार घरांनी ते ॲप घेतलं. दुपारी जिन्यात मावशींचा जुना आवाज घुमायचा आणि सकाळी खऱ्या मावशींच्या गाडीभोवती एकेक माणूस कमी होत जायचा. मास्तर खिडकीच्या पडद्याआडून मोजायचे. मग मागच्या जिन्याने सटकायचे.

"पेपरांना कोथिंबिरीचा वास येतोय," शेवटी बायको म्हणाली. "तुम्ही खाली जाताय, की मी जाऊन सांगू?"

मास्तर गेले. पुढच्या जिन्याने. ॲपवाल्यांना द्यायचं हरकतीचं पत्र हातात घेऊन. गाडीपाशी कारकूनकाका टोमॅटो दाबून बघत होते.

"या!" मावशी म्हणाल्या. "बरे आहात ना? किडनीचं कानावर आलं होतं."

मास्तरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. चौकोन, लायसन्स, ॲप, काही गाळलं नाही. मावशींचा हात तराजूवर थांबला.

"तो फोनातला आवाज माझा? मला वाटलं, कोणीतरी नक्कल करतंय. सुनेला म्हटलंसुद्धा, बघ, मेलीला जमत नाही." मग त्यांचा चेहराच बदलला. "आणि तो बसलेला आवाज, मास्तर? आता चांगला झालाय, तर माझा फाटका घसा लोकांच्या दारोदार?"

"चुकलं माझं."

"मला एका शब्दाने विचारायचं होतं."

"सुचलंच नाही," मास्तर पुटपुटले. "मला वाटलं, माझाच लेख आहे."

मावशींनी पत्र वाचून घेतलं. कुठे सही करायची विचारलं, आणि पेन हातात घेऊन म्हणाल्या, "वर माझं नाव घाला. पूर्ण. झाकलेलं नको." मास्तरांनी गाडीच्या कडेवर कागद धरून ते लिहिलं. मावशींनी सही केली, पेन परत दिलं आणि फ्लॉवरवर ओलं पोतं ओढलं.

"आज तुम्हाला भाजी नाही. उद्याचं उद्या बघू."

मास्तर रिकामी पिशवी घेऊन वळले. कारकूनकाकांना राहवेना. कोर्टात आयुष्य काढलेला माणूस तो, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अहो मास्तर, एवढं काय मनाला लावून घेता? कायद्याने तुमचं काडीचंही चुकलेलं नाही!"

मास्तर म्हणाले, "तेच तर, काका. कायद्याने चुकलं असतं तर दंड भरून मोकळा झालो असतो."