अकराव्या बरोबरीला शून्य

गेल्या महिन्यात माझ्या स्कूटरची चावी जाता जाता राहिली. ती वाचवायला मला पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा फुटबॉलचा एक नियम उपयोगी पडला, आणि तोही अशा देशातला, जो आता नकाशावरही नाही. नियम माझ्या मुलाच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. त्याला मी दोष देत नाही. माझ्या डोक्यात शिरायला अख्खा उन्हाळा गेला होता.

तेव्हाची मी म्हणजे तेवीस वर्षांची नवी नवरी. आमचे हे जहाजदुरुस्तीतले इंजिनिअर. त्यांना काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदरात दोन वर्षांसाठी धाडलं, आणि त्यांच्या सामानात दोन ट्रंका, पोळपाट-लाटणं, सासूबाईंची भाजणी आणि मी. इतकी समजूतदार होते, की आज ती बाई मला कोपरखैरण्याला आमच्या सेक्टरच्या बागेत दिसली तर मी दुसऱ्या गेटनं बाहेर पडेन. यांना खिडकी बंद हवी, मला उघडी. मग ती अर्धी उघडी ठेवायची आणि दोघांनी अर्धं अर्धं कुडकुडायचं. तिथे परदेशी लोकांसाठी रशियनचा वर्ग चालायचा, मला जायचं होतं. हे म्हणाले, रोज कशाला, आपण मधला मार्ग काढू. मधला मार्ग असा निघाला, की वर्गाचं पुस्तक घरी आलं आणि मी घरीच राहिले. वर आईला पत्र लिहिलं, ‘माझं सगळं ऐकतात हो.’

आमची इमारत गिरगावातली चाळ उचलून थंडीत नेऊन ठेवल्यासारखी होती. मधे चौक, चौकाभोवती लाकडी गॅलऱ्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि त्या कपड्यांआडून चाललेली भांडणं. शेजारी साठीची एक बाई एकटी राहायची. बंदरावर तीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झालेली, पुढचे दोन दात स्टीलचे. तिकडेही वयानं मोठ्या बाईला मावशीच म्हणतात, म्हणून मीही तिला मावशी म्हणायचे. पुस्तकातलं रशियन मला काही येईना. मावशीनं ते गॅलरीच्या कठड्यावरून फुटबॉलमधून शिकवलं, कारण तेवढ्या एका विषयावर ती छोटी वाक्यं बोलायची. ‘हा गाढव आहे.’ ‘तो म्हातारा झाला.’ ‘याला विका.’

तिच्या शहराचा संघ देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये होता. अठरा संघ, हंगाम बर्फ वितळताना सुरू होणार आणि पुन्हा बर्फ पडायच्या सुमारास संपणार. जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक. तळाचे दोन संघ खालच्या लीगमध्ये ढकलायचे. मावशीला जगात एकाच गोष्टीची भीती होती, ती या ढकलण्याची.

ती मला स्टेडियमवर न्यायला लागली. यांची त्यालाही ना नव्हती, फक्त संध्याकाळचं जेवण वेळेवर हवं. म्हणून मधला मार्ग: मी पहिला हाफ बघायचा आणि घरी येऊन पोळ्या लाटायच्या. मी ओव्हरकोटातून साडीच्या निऱ्या सांभाळत, लोकांच्या गुडघ्यांवरून, सूर्यफुलाच्या बियांच्या सालींवरून वाट काढत मध्यंतरातच बाहेर पडायचे. त्या हंगामातले निम्मे सामने मला कसे संपले ते मावशीकडून कळले. आणि मी खूश असायचे. निम्मं तरी मिळालं ना.

स्टेडियमवरचं मावशीचं एकच वाक्य मला पाठ झालं होतं. आपला खेळाडू पडला आणि हात वर करून पंचाकडे बघत बसला, की ती उभी राहून ओरडायची, “शिट्टी वाजली का? नाही ना? मग पळ!”

पाककृतीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी संघाचे निकाल लिहायला लागले. पुढे पुरणपोळी, मागे गुणतक्ता. आमचा संघ बरोबरीत फार हुशार होता. शून्य-शून्य, एक-एक, पुन्हा शून्य-शून्य. मला तर हे शहाण्या माणसांचं लक्षण वाटायचं. कुणी हरलं नाही, कुणाला वाईट वाटलं नाही, एकेक गुण घेऊन दोघं आपापल्या घरी.

उन्हाळ्याच्या शेवटी संघ कीव्हला गेला. कीव्हवाले म्हणजे दादा संघ, तिथे आम्ही हरणार हे मावशीनं आधीच जाहीर केलं होतं. सामना शून्य-शून्य सुटला. मी रेडिओवर आकडा ऐकला, आनंदानं रवा भाजायला घेतला, होते नव्हते ते मनुके टाकले, आणि बशा भरून चौकात गेले. चौकात मयताला जमावीत तशी माणसं बसली होती. कुणी बशीला हात लावीना. मी मोडक्या रशियनमध्ये सगळ्यांचं अभिनंदन करत फिरत होते.

मावशीनं मात्र बशी घेतली. खाणं वाया घालवणं तिला जमत नसे. शिरा संपवला, चमचा पुसला आणि मग मला समजावलं. त्या लीगमध्ये बऱ्याच संघांना सवय लागली होती, आतून ठरवून बरोबरी करायची. फारसं पळायचं नाही, एकेक गुण वाटून घ्यायचा, तिकीट काढून आलेली माणसं मूर्ख. म्हणून वरच्यांनी नियम काढला, हंगामात दहा बरोबऱ्यांना गुण. अकरावीपासून शून्य. ही आमची अकरावी होती. कीव्हवाल्यांच्या अजून शिल्लक होत्या, त्यामुळे त्यांना एक, आम्हाला भोपळा. आणि मी शिरा वाटत होते.

“आता बरोबरी म्हणजे हारच,” मावशी म्हणाली. “फक्त रडण्याची सोय नाही.” मग तिनं वर, आमच्या अर्ध्या उघड्या खिडकीकडे चमच्यानं दाखवलं. “आणि तुझ्या किती झाल्या?”

मला राग आला. माझ्या संसाराची चौकशी करायचा हिला काय अधिकार, म्हणून मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मी सुखी होते आणि मला त्याचा पुरावा हवा होता. तिसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर वहीचं कोरं पान काढलं आणि लग्न झाल्यापासूनच्या माझ्या बरोबऱ्या लिहायला घेतल्या. पान भरलं. मागची बाजू भरली. दहाव्या बरोबरीला लग्नाचा दुसरा महिनाही उलटला नव्हता.

त्यानंतर संघ पळायला लागला. म्हणजे हरायलाही लागला, चांगला सपाटून. पण आता मधे काही उरलंच नव्हतं, त्यामुळे जिंकूही लागला. हंगामाच्या शेवटच्या सामन्याला जिंकणं भाग होतं, बरोबरी करून चालणार नव्हतं. आकाशातून पाणी आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. सकाळी मी यांना सांगितलं, आज मी दुसरा हाफपण बघणार. हे म्हणाले, मग असं करू, दहा मिनिटं जास्त थांब. मी म्हटलं, नाही. इतकंच. नाही या शब्दानंतर आणखी काही बोलावं लागत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. खिशातून काहीतरी पडल्यासारखी मी मात्र दिवसभर चाचपत होते.

संपता संपता गोल झाला. कसा झाला विचारू नका, माझ्या पुढचा माणूस सहा फुटांचा होता आणि मावशीनं माझ्या डोक्यावरची शाल ओढून हवेत फिरवायला घेतली होती. संघ वरच्या लीगमध्ये राहिला. मी घरी आले तेव्हा यांनी स्वतःच्या हातानं पिठलं केलं होतं. त्याला पिठलं म्हणायला मोठं मन लागलं, पण आम्ही ते खाल्लं. सोमवारपासून मी रशियनच्या वर्गाला गेले.

त्यानंतर मी कायमची शूर झाले, असं लिहायला आवडलं असतं. पण मी परत आले, आधी सासरी, मग कोपरखैरण्याला, आणि पुढची वीसेक वर्षं पुन्हा गुण वाटत बसले. एवढा थोर नियम शिकून आलेली बाई, आणि मुलाच्या मुंजीत ताटात काय वाढायचं यावरही तिची बरोबरी. पंचेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकले तेव्हा पुन्हा शहाणपण आलं. आर.टी.ओ.त पाय न टेकता स्कूटरनं आठचा आकडा काढून दाखवला. सोबतच्या कॉलेजच्या पोरांपैकी दोघांनी टेकला होता, हे मी अजूनही सगळ्यांना सांगते.

हे गेल्यापासून ती स्कूटर म्हणजे माझे पाय. दर रविवारी सकाळी मी उरणला जाते. तिथे एक मासेवाली आहे, माझ्याच वयाची, ती माझ्यासाठी बोंबील बाजूला ठेवते आणि मी तिच्यासाठी चकल्या नेते. कोपरखैरण्यात मासे मिळत नाहीत असं नाही. पण चावी गेली, की मी ‘मला जरा सोडतोस का रे’ म्हणणारी बाई होणार. अशा बाया सोसायटीत बऱ्याच आहेत. तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन, सोफ्याच्या टोकावर बसलेल्या असतात.

मुलगा चांगला आहे. फक्त त्याला बापाचा मधला मार्ग वारशात मिळालाय. यंदाच्या कॅलेंडरवर मी प्रत्येक तडजोडीपुढे बारीक ‘ब’ लिहीत आले. अंधार पडल्यावर स्कूटर नको. बरं. पावसात नको. बरं. कळंबोलीकडे ट्रकांची गर्दी, तिकडे मुळीच नको, म्हणून तिथल्या मैत्रिणीकडे रिक्षानं. पेट्रोल तोच भरून आणणार. निघताना फोन, पोचल्यावर फोन. असं करत करत गणपतीपर्यंत आठ झाल्या. नववी मोबाईलवर मी कुठे आहे ते त्याला दिसण्याची. दहावी अशी, की सोसायटीतल्या मैत्रिणीला मागे बसवायचं नाही. ती मैत्रीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी तो चहाला बसला आणि म्हणाला, त्या रस्त्यावर किती कंटेनर वाढलेत, तू येईपर्यंत मला घरी बसून टेन्शन येतं. ते खोटं नव्हतं. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग बंदरापर्यंत लागलेली असते.

“आई, आपण असं करू. स्कूटर तुझीच. चावी फक्त माझ्याकडे राहू दे. लागली की माग.”

मी उठले, कॅलेंडर काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि मोजायला लावलं. दहा. मग त्याला ओडेसा, मावशी आणि शिरा, सगळं सांगितलं. त्याला वाटलं मी गोष्ट सांगतेय, म्हणून तो हसत होता.

“ही अकरावी,” मी म्हटलं. “हिला गुण नाहीत. आता एक तर मी जिंकणार, नाहीतर तू.”

“म्हणजे काय करायचं?”

“उद्या माझ्या मागे बस. उरणला जायचं आणि यायचं. सिग्नल सोडून कुठेही माझा पाय जमिनीला लागला, तर चावी तुझी, पुन्हा मागणार नाही. नाही लागला, तर हा विषय बंद.”

तो म्हणाला, हे काहीतरीच. मी म्हटलं, घाबरलास का? आईच्या तोंडून हा प्रश्न चव्वेचाळिसाव्या वर्षीही कुणाला सोसत नाही.

रविवारी आम्ही निघालो. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, त्याच्या हातात माझी चकल्यांची पिशवी. पाम बीचवर तो दोनदा म्हणाला, हळू. माझा वेग सायकलवालाही पुढे जाईल इतकाच होता. पुढे ट्रेलरची रांग सुरू झाल्यावर त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि मागची दांडी धरली. उरणला मासेवालीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“आज पोराला मांगं बसवून आनलास काय गं? बरा हाय, त्याला पन रस्ता समजंल.”

त्यानं मान खाली घालून बोंबील घेतले.

येताना गव्हाण फाट्याजवळ एका यार्डातून ट्रेलर उलटा बाहेर येऊ लागला. पुढे जायला जागा नाही, मागे दुसरा ट्रेलर. मी वेग इतका कमी केला, की स्कूटर जागच्या जागी विचार करत उभी असल्यासारखी झाली. हँडल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आठ काढतात तसं. मग फट मिळाली आणि आम्ही निघालो.

बिल्डिंगखाली उतरल्यावर मुलानं हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते. पिशवीतल्या बोंबलांकडे बघत म्हणाला,

“चांगली चालवतेस. खरंच. मग बरोबरी धरू? चावी तुझ्याकडे, पण उरण महिन्यातून एकदाच.”

“संपल्या तुझ्या,” मी म्हटलं. “कोण जिंकलं तेवढं सांग.”

वॉचमन ऐकत होता. पहिल्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायचं थांबल्या होत्या.

“तू,” तो म्हणाला.

“काय मी?”

“तू जिंकलीस, आई.”

मी वर गेले आणि कॅलेंडरवर त्या रविवारी जिंकल्याचे ठळक दोन गुण लिहिले. चावी दाराजवळच्या खिळ्याला, माझ्या हाताच्या उंचीवर लटकते आहे. परवा अंधार पडल्यावरही मी वाण्याकडे जाऊन आले, फोन न करता. आता त्या दहाही मी एकेक करून परत मागणार आहे.

बाकी, गव्हाण फाट्याला त्या ट्रेलरपुढे माझ्या उजव्या बुटाचं टोक डांबराला लागलं असेलही. बुटावर ओरखडा आहे, नाही म्हणत नाही. पण तेव्हा मुलगा मागची दांडी धरून डोळे घट्ट मिटून बसला होता, मला आरशात दिसत होतं. शिट्टी काही वाजली नाही.