दारातला आहेभाऊ

अक्का नसत्या तर माझी नोकरी त्या पावसाळ्यातच गेली असती. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गोष्ट सांगता सांगता माणूस स्वतःचीच हुशारी सांगत सुटतो, आणि त्या दिवशी हुशारी माझी नव्हती. अक्का म्हणजे आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या बाई. सहीच्या जागी अंगठा उठवायच्या.

मी आजऱ्याकडचा. नववीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा आपटलो आणि शाळा सोडली. मामा जळगावला पाईपच्या कारखान्यात होता, पिंप्राळ्यात खोली घेऊन राहायचा. त्याने बोलावून घेतलं आणि कुणाच्या तरी ओळखीने पिंपळनेरच्या अलीकडच्या एका गावात, हायस्कुलात मला शिपाई म्हणून चिकटवलं. जागा तात्पुरती. "दिवाळीपर्यंत काम बघू, मग कायमचं बघू," असं मुख्याध्यापक सर म्हणाले होते. ते 'बघू' माझ्या डोक्यातून जात नव्हतं. कारण आईला मी पत्रात कायम झालो म्हणून कळवून मोकळा झालो होतो, आणि तिने गल्लीभर साखर वाटली होती.

गाव सगळं अहिराणी बोलणारं. मी 'आहे' म्हणायचो, ते 'शे' म्हणायचे. पाणी शे, घंटा शे, बठ्ठा शे, म्हणजे सगळंच आहे. माझं 'आहे' ऐकलं की पोरं खिदळायची. "आहेभाऊ उना रे, आहेभाऊ!" उना म्हणजे आला. टाकीजवळ दोन बायका बोलत असल्या आणि मी घागर घेऊन गेलो की त्या गप्प व्हायच्या. मला वाटायचं, माझंच चाललं असणार. अक्कांचाही मला भरवसा वाटत नव्हता. त्या माझ्याकडे बघून हसायच्या आणि काय ते पुटपुटायच्या. शब्द कळायचा नाही, म्हणून तो वाईटच असणार असं मी धरून चाललो होतो.

मी लागून चार महिने झाले, जूनला शाळा उघडली आणि विलायतेहून बाई आल्या. संस्थेच्या अध्यक्षांनी कुठूनशी ओळख काढून एक वर्षासाठी आणलेल्या. इंग्रजी शिकवणार, शाळेमागच्या खोलीत राहणार. वय तिशीच्या आत, नाक उन्हाने सोललेलं. मराठी त्या पुस्तकातून शिकून आल्या होत्या. पहिल्या दिवशी अक्कांना हात जोडून म्हणाल्या, "कृपया मला पेयजल मिळेल काय?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "काय मांगी राहिनी रे ती?"

"पाणी मागताहेत."

"मंग पाणी म्हन ना, माय!"

त्याच दिवशी दुपारी सरांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. "संस्थेत चार लोक चार गोष्टी बोलतात. बाई कुठे जातात, कोणाशी बोलतात, पत्रं कोणाला टाकतात, नजर ठेव. मला रोज सांगायचं. त्यांना कळता कामा नये." मग जरा थांबून म्हणाले, "दिवाळी काही लांब नाही."

मी नजर ठेवायला लागलो. बाईंचा तास असला की वर्गाच्या दारात उभा, डस्टर झटकतोय, कडीला तेल घालतोय. त्या कडीला मी आठवड्यात चार वेळा तेल घातलं असेल. आत बाई वाक्य म्हणायच्या, पोरं म्हणायची, आणि नकळत माझीही जीभ वळवळायची.

नजर ठेवणारा माणूस लपत नाही हे मला माहीत नव्हतं. बाई खोलीतून निघताना दाराच्या फटीत एक आगकाडी खोचून ठेवायच्या. मी माठ भरायला आत गेलो की ती खाली पडायची. मी उचलून परत खोचायचो. पुढे कळलं, बाई काडीचा गूल आतल्या बाजूला करून ठेवायच्या आणि मी बाहेरच्या. म्हणजे मी त्यांच्यावर पाळत ठेवत होतो आणि त्या माझ्यावर.

तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या सुरू झाल्या. वहीच्या कोपऱ्याचे तुकडे, कधी मागच्या भिंतीवर खडूने. सरांचा नियम होता, शाळेत शुद्ध मराठीच बोलायचं. 'शे' तोंडातून निघालं की हातावर पट्टी. आठवीच्या पोरांनी त्यावर तोड काढली. आपली बोली ती इंग्रजी अक्षरांत लिहायची. बाई वळल्या की चिंचा खायच्या, आणि कोण कुठे आहे ते एकमेकांना कळवायचं. हे आज मी सांगतोय. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढं दिसायचं की बाई भिंतीपाशी थांबतात, वाचतात, आणि मग माझ्याकडे बघतात.

एका सकाळी सरांनी बोलावलं. बाई समोर बसल्या होत्या, चेहरा लाल. टेबलावर तीन चिठ्ठ्या पसरलेल्या. अक्का कोपऱ्यातल्या माठात घागर रिकामी करत होत्या.

"हे तू लिहितोस?" सर.

"नाही सर."

"तुला ए-बी-सी-डी येते ना? खडू तुझ्याच ताब्यात असतात ना?"

येत होती. नववीपर्यंत तेवढीच धड आली होती. खडूची पेटीही माझ्याकडेच.

बाई तुटक मराठीत म्हणाल्या, "प्रत्येक कागद, बाई. बाई म्हणजे मी. आणि पुढे 'शी', 'शी'. एका कागदावर शिपाई आहे, आणि पुन्हा 'शी'. हा मनुष्य नेहमी द्वारात असतो. हे काय लिहितो माझ्याविषयी?"

एस, एच, ई. तेवढं मलाही वाचता येत होतं. शी म्हणजे ती. मी चिठ्ठीकडे बघत राहिलो. एक क्षण मलाच वाटलं, खरंच कुणीतरी घाण लिहिलंय.

सरांनी चिठ्ठी उचलून मोठ्याने वाचली. "बाई खिडकी जोडे शी. शिपाई दारमा शी." वाचताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बाईंकडेही नाही. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

माझ्या डोळ्यासमोर आई आली, साखरेची वाटी हातात घेऊन.

कोपऱ्यातून अक्का म्हणाल्या, "शी नही, सर. शे."

सरांनी चिठ्ठी पुन्हा डोळ्यांजवळ धरली.

"खिडकी जोडे शे. बाई खिडकी जोडे शे, शिपाई दारमा शे. पोऱ्यांनी लिखेल शे ते." बाई खिडकीजवळ आहे, शिपाई दारात आहे, एवढंच पोरांनी लिहिलं होतं. अक्कांनी घागर खाली ठेवली. "तुम्हले तं समजस ना, सर?"

सर धुळ्याकडचेच होते. घरी त्यांची आई अहिराणीशिवाय दुसरं बोलत नसे. त्यांना पहिल्या चिठ्ठीलाच कळलं असणार. पण बाई यायच्या आधी त्यांना सरांनी पत्रात काय काय लिहिलं असेल, आमच्या शाळेत कशी शुद्ध भाषा बोलली जाते वगैरे, आणि आता ही पोरांची बोली आहे हे कबूल कसं करायचं. हे मी त्यांच्या कानाकडे बघून ओळखलं. कान लाल झाले होते.

बाईंना काही उमगेना. तेव्हा अक्कांनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "हाऊ कसा लिखी? याले शे म्हनता येत नही! बोल रे, पाणी गरम शे. बोल."

नोकरीचा प्रश्न होता. मी मनात घोकलं, शे, शे, शे. आणि तोंड उघडलं.

"पाणी गरम आहे."

अक्का कपाळावर हात मारून हसल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे, आणि तिथेच पेन्सिलीने 'शे' खाली रेघ ओढली. हळू म्हणाल्या, "शे म्हणजे आहे?"

"हा, माय!"

मला वाटलं सुटलो. पण बाई हुशार. त्यांनी पेन्सिल माझ्याकडे रोखली. "मग हा द्वारात का असतो?"

सरांनी टेबलावरचा कागदाचा गठ्ठा सरळ करायला घेतला. मी खरं सांगितलं असतं तर सरांनी काढलं असतं, खोटं सांगितलं असतं तर बाईंनी.

"मीच उभा करेल शे त्याले," अक्का म्हणाल्या. "नववीमा शाळा सोडेल शे. इंग्रजी शिकाना नाद शे त्याले. मी म्हनी, दारमा उभा राहा नी ऐक."

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. विश्वास बसला असं त्या चेहऱ्यावरून म्हणता येणार नाही. पण म्हणाल्या, "द्वारात नाही. आत बसा."

दुसऱ्या दिवसापासून मी शेवटच्या बाकावर. पोरं म्हणायची, "आहेभाऊ आठवीमा उना!" सर अजूनही रोज विचारायचे, काय काय घडलं. मी सांगायचो, "बाईंनी आज भूतकाळ शिकवला." ते मान डोलवायचे, आणि मला वाटायचं, माझी थट्टा त्यांना कळतेय. दिवाळीनंतर मी कायम झालो. ते कशामुळे, माझ्या कामामुळे की त्या दिवशी अक्कांनी सरांची अब्रू झाकली म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

एप्रिलात बाई गेल्या. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि वर एक आगकाडी ठेवली. हसल्या. माफ केलं म्हणायचं होतं की सगळं माहीत होतं म्हणायचं होतं, मला आजही नक्की सांगता येत नाही.

पुढे मी बाहेरून दहावीला बसलो. इंग्रजीत सुटलो, गणितात गेलो. म्हणजे शाळा सोडलेला तो सोडलेलाच राहिलो. पण निकालाच्या दिवशी अक्कांना विचारलं, "त्या दिवशी माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"खोटं कसाले? दारमा उभा राहीसन तुन्हा ओठ हालतस ना!"

म्हणजे पुटपुटणारा मी होतो, आणि त्या बघत होत्या. एवढे दिवस मी त्यांच्यावर संशय घेतला, आणि माझ्याकडे नीट पाहिलं होतं ते त्यांनीच.

आता मी धुळ्याला असतो. अक्का गावातच, थकल्या आहेत म्हणतात. माझं 'आहे' अजून सुटलेलं नाही. पण अक्का, मी एक दिवस अख्खं पान तुमच्या बोलीत लिहीन, त्यात एकदाही 'आहे' येऊ देणार नाही, आणि तुमच्या ओट्यावर बसून तुम्हाला वाचून दाखवीन. कुठे चुकलो तर त्या दिवशीसारखं सगळ्यांदेखत सांगा, शी नही, शे.