गोळी मीच खाल्ली

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते. वहिनी एवढंच म्हणाली, "झोपेतच गेले गं." आखाडा बाळापूरला पोचेपर्यंत एसटीत माझ्या मनात एकच घोळत होतं... लोक विचारतील, त्याला काय झालं होतं? तेव्हा काय सांगायचं?

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दादाला आदरांजली वाहताना सगळे चांगलंच बोलले. प्रल्हाददादा कष्टाळू ड्रायव्हर, हळदीची पोती घेऊन देशभर फिरला, लेकीला शिकवलं. सगळं खरं होतं. गोळ्यांचं मात्र कुणी बोललं नाही. मान खाली घालून आम्हीही ऐकत राहिलो.

ट्रकवर असताना तो जागं राहायच्या गोळ्या खायचा. ढाब्यावर कुणीतरी पहिल्यांदा दिली. झोप पळाली, भूक पळाली, माल वेळेवर पोचला. मग घरी आल्यावर झोप लागावी म्हणून दारू. गोळीवाचून स्टेअरिंग हाती धरवेना, तोपर्यंत वर्षं निघून गेली होती. मग हळूहळू संशय सुरू झाला. गाडी मागून येऊन राहिली, भिंतीआडून कुणी ऐकून राहिलं... एका भर दुपारी तर त्यानं पहार घेऊन स्वयंपाकघराची फरशी उखडली. वहिनीनं तिथं चोरून मोबाइल पुरलाय, ती कुणाशी तरी बोलते, असं ओरडत होता. बाहेर गल्ली जमली. माहेरपणाला आलेली लेक दारात उभी होती. तिच्यासमोर त्यानं वहिनीला नको ते शब्द वापरले. खाली नुसती माती निघाली. संध्याकाळी वहिनी हिंगोलीकडच्या गोरेगावला भावाकडे निघून गेली.

दवाखान्यातल्या उपचारांनी गोळ्या सुटल्या, डोकं थाऱ्यावर आलं. पण त्याबरोबर शरमही आली. तो गल्लीतून मान वर करून चालेना. त्याच्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टरांनीच त्याला मोठ्या शहरातल्या एका संशोधनाबद्दल सांगितलं. दादाच्या गोळ्यांसारखी, अँफेटामाइनच्या जातीची औषधं वर्षानुवर्षं घेतली, तर मेंदूला इजा होते का, झालीच तर ती भरून येते का, हे तिथं तपासत होते. दादा म्हणाला, "जाऊन येऊ. आता माझा दुसरा उपयोग तरी काय?"

मी सोबत गेले. यंत्रात मेंदूचे फोटो काढले. मग डॉक्टरबाईंनी काही साधे शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. ज्या माणसाला मुलखातले सगळे रस्ते पाठ होते, त्याला त्या शब्दांतला एकच आठवला. बाकीच्यांसाठी तो माझ्याकडे बघत राहिला. बाईंनी विचारलं, बहिणीला बाहेर बसवू का? तो नको म्हणाला. आणि गोळ्या किती वर्षं खाल्ल्या विचारल्यावर बिनदिक्कत सांगितलं, "वर्षभर खाल्ल्या असतील. कधीमधी."

फाटकाबाहेर आलो आणि तो थांबला. मी म्हटलं, दादा, गाडी चुकेल. तो म्हणाला, "खोटं सांगितलं मी. माझं खोटं त्यांच्या हिशोबात गेलं, तर दुसऱ्या लेकरांना चुकीचं कळंल." तो परत आत गेला. मी बाकावर बसून राहिले. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते.

घरातल्या कुणाकडून तरी सगळी हकिकत हवी, असं बाई म्हणाल्या होत्या. म्हणून तो गोरेगावला गेला. मेहुण्याच्या अंगणात चपला काढून कडेलाच उभा राहिला. त्याला कुणी आत बोलावलं नाही. वहिनी बाहेर आल्यावर म्हणाला, "नांदायला चल म्हणत न्हाई. मी काय काय केलं ते तेवढं डॉक्टरला सांग. मला बराबर आठवत न्हाई."

ती आली. खाली बघत, सावकाश, सगळं सांगितलं. फरशीचं, त्या शब्दांचं, लेकीचं. दादा शेजारीच बसून ऐकत होता. शेवटी वहिनीनं विचारलं, "ते सगळं गोळी बोलली का हे बोलले?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, गोळीनं असा संशय येऊ शकतो, हे माहीत आहे. मेंदूतल्या काही तंतूंना इजा होत असावी, असंही दिसतं. पण यांच्या बाबतीत गोळी किती, इतक्या वर्षांचं जागरण किती, दारू किती, हे वेगळं काढून सांगता येणार नाही. वहिनीचा चेहरा उतरला. तिला एकच उत्तर हवं होतं. 'गोळी' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं... मलाही तेच हवं होतं. भाऊ सुटला असता, आम्ही सगळेच सुटलो असतो.

दादाच म्हणाला, "सगळं गोळीवर टाकू नका मॅडम. गोळी मीच खाल्ली."

वहिनी काही महिन्यांनी परत आली. का आली ते मी कधी विचारलं नाही. दादा तपासणीला जात राहिला, शब्द विसरत राहिला. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत विसरला नाही. दार उघडं असलं तरी तो स्वतःच्या घरात एकदम शिरायचा नाही. बाहेर थांबून कडी वाजवायचा. आतून वहिनी "या" म्हणाली की मगच उंबरा ओलांडायचा. शेजारी हसायचे. तो खाली बघायचा, पण कडी वाजवायचा.

परवा मी गेले तशी सरळ आत शिरले. वहिनी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"सुमन," ती म्हणाली, "कडी वाजवून ये गं. लई दिवस झाले, कुणी वाजवली न्हाई."

मी बाहेर गेले. कडी वाजवली आणि थांबले.