ठोकळे आत

विमानतळावर त्याला सगळे घुम्या म्हणत, आणि या नावाबद्दल त्याचीही काही तक्रार नव्हती. इंजिनांच्या गोंगाटात ज्याचा जन्म गेला, त्याने तोंड चालवून करायचं तरी काय? येणाऱ्या विमानासमोर उभं राहायचं, दोन्ही हातांत रंगीत दांडकी धरायची आणि वैमानिकाला खुणा करत विमान रेषेवर आणून थांबवायचं, हे त्याचं काम. डोक्यावर हातांची फुली केली की थांब. चाकांना ठोकळे लागले की दोन मुठी वर धरून अंगठे आत, एकमेकांकडे वळवायचे, म्हणजे ठोकळे लावले, आता खुशाल इंजिन बंद कर. ठोकळे काढले की तेच अंगठे बाहेर. आणि शेवटी, सगळं ठीक असेल तर, उंच अंगठा. निघ बाबा.

ही भाषा तो घरीही आणी. ताटात पुरेसं वाढून झालं की हातांची फुली. आंघोळीचं पाणी तापलं का, हेही दारातून हातानेच विचारायचं. त्याच्या आईला कमी ऐकू येई, तिला हे फार सोयीचं होतं. "माझ्या लेकाचं बोलणं तेवढं मला स्पष्ट ऐकू येतं," असं ती चार लोकांत अभिमानाने सांगे. बायकोचं मात्र डोकं फिरायचं.

"अहो, तोंडाने बोला. मी काय विमान आहे?"

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याची एकही खूण शिकून घेतली नाही. शिकायचीच नाही, असा हट्टच होता तिचा.

ती त्याच कंपनीत होती. प्रवाशांच्या बॅगा वजन करून बोर्डिंग पास देणाऱ्या काउंटरवर बसायची, आणि शिवाय कर्मचारी संघटनेची चिटणीस होती. घराबाहेर सगळे तिला चिटणीसबाई म्हणत, आणि घरात चिडवायचं असलं की हाही म्हणे. घुम्याला बोलता येतं हे ज्यांना पटत नसेल त्यांनी त्याच्यासमोर संघटनेचा विषय काढावा.

"कसली संघटना आणि कसलं काय," तो म्हणे. "चार टाळकी जमतात, चहा ढोसतात आणि हात हलवत घरी जातात. आपण बरं की आपलं काम बरं."

"पाळ्या नीट लावून घेतल्या कुणी? उन्हात उभं राहणाऱ्यांना शेड कुणी मिळवून दिली? त्या शेडखाली तुम्हीही उभे राहता, ते चालतं."

"मी नव्हती मागितली शेड."

"म्हणून उन्हात जाऊन उभे राहता का?"

इथे तो फुली करी, म्हणजे चर्चा संपली.

त्याच्या या रागाला कारण होतं. पूर्वी तो दुसऱ्या एका कंपनीत होता. तिथे संप झाला आणि पाठोपाठ कंपनीच बुडाली. बायको म्हणे, ती बुडणारच होती, संप निमित्त झाला. असेलही. पण कितीतरी महिने हा माणूस घरात बसून होता आणि खिडकीतून जाणाऱ्या विमानांकडे बघत होता, ते ती विसरली असली तरी तो विसरला नव्हता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि घुम्या तर ताकाच्या वाटेलाही जात नव्हता.

त्या दिवसांत संघटनेत एका गोष्टीवरून रण पेटलं होतं. कंपनीचा नियम असा, की ज्याच्या हातून विमानाला धक्का लागेल त्याची नोकरी गेलीच समजा. संघटनेची मागणी होती, की जो लगेच आणि स्वतःहून सांगेल त्याला कामावरून काढायचं नाही, असं कलम नियमांत घालावं. दुसरी मागणी होती आठवड्याच्या ठरलेल्या सुट्टीची. कंपनी म्हणाली, दोन्ही मिळणार नाहीत, एकीवर बोट ठेवा. आता सुट्टी कुणाला नको? आणि विमानाला धक्का काय, दुसऱ्याच्या हातून लागतो, आपल्या नाही. त्यामुळे सुट्टीचं पारडं जड होतं. कलमासाठी चिटणीसबाई एकटी घसा कोरडा करत होती.

"चुकणाऱ्यांना पांघरूण घालायला निघालीस तू," घुम्या जेवताना म्हणाला.

"लपवणाऱ्यांचं पांघरूण काढायला निघालेय. नोकरी जाणार म्हटल्यावर कोण सांगेल, तुम्ही सांगाल?"

"माझ्या हातून लागतंय कशाला?"

निर्णयाची बैठक कँटीनमध्ये ठरली, दुपारी, दोन विमानांच्या मधल्या मोकळ्या वेळात. बहुतेक सगळे गेले. घुम्या अर्थातच गेला नाही. आणि नेमकं पुढचं विमान वेळेआधी आलं.

त्याने ते नेहमीसारखं झोकात आणून उभं केलं. ठोकळे लागले, इंजिनं बंद झाली, प्रवासी उतरले. बॅगा उतरवायला दोन हमाल होते, पण बेल्टची गाडी चालवणारा बेल्टवाला बैठकीत अडकलेला. ही गाडी म्हणजे चाकांवरचा सरकता पट्टा. विमानाच्या पोटाच्या दाराला अलगद नेऊन भिडवायचा आणि त्यावरून बॅगा खाली घ्यायच्या. तिथला पहिला धडा असा, की गाडी विमानाजवळ नेताना एकाने चालवायची आणि दुसऱ्याने खाली उभं राहून हाताने अंतर दाखवायचं. एकट्याने न्यायची नाही म्हणजे नाही. आणि आजवर तो दुसरा माणूस बहुतेक वेळा घुम्याच असायचा.

पण त्या दिवशी त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. बसा म्हणावं गप्पा मारत, तुमच्यावाचून काही अडत नाही. तो स्वतःच गाडीवर चढला. अंतर दाखवायला समोर कुणी नव्हतं. स्वतःचे हात स्टिअरिंगवर असताना स्वतःला खुणा कशा करणार?

आवाज असा झालाच नाही. हाताला एक हलका ठोसा जाणवला, बस्स. त्याने गाडी मागे घेतली, खाली उतरून पाहिलं. दाराच्या उंबऱ्याखाली पत्र्याला खळगा पडला होता. फार नाही, तळहात झाकेल एवढा. त्याने तळहात ठेवून पाहिला. झाकला गेला.

हमाल विमानाच्या पोटात बॅगा सरकवत होते, त्यांना पत्ता नव्हता. तेवढ्यात बेल्टवाला कँटीनमधून धापा टाकत आला. घुम्याने हात बाजूला केला. बेल्टवाल्याने खळगा पाहिला, मग घुम्याचं तोंड पाहिलं.

"कुणी बघितलं?"

घुम्याने मान हलवली. नाही.

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. मतदान अजून व्हायचंय, कलमबिलम काही नाही. सांगितलंस तर हात दाखवून अवलक्षण. घरी बसशील."

घरी बसण्याचं नाव काढताच घुम्याला ते जुने महिने आठवले. ती खिडकी, ती वरून जाणारी विमानं. या वयात त्याला नवीन नोकरी कोण देणार होतं? त्याने खळग्याकडे पाठ केली. बॅगा उतरल्या, नव्या चढल्या. जिन्यावरून प्रवासी चढू लागले, कुणी फोनवर बोलत, कुणी उगाच मागे वळून हात हलवत. दारं बंद झाली. तो नेहमीच्या जागी, विमानाच्या नाकासमोर जाऊन उभा राहिला. ठोकळे निघाले, त्याने अंगठे बाहेर वळवून दाखवले.

वैमानिक काचेतून त्याच्याकडे बघत होता. आता फक्त उंच अंगठा दाखवायचा होता.

या माणसाने तोंडाने आयुष्यात चिकार थापा मारल्या असतील. बायकोला तर रोज एखादी. पण हातांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्या हातांवर विश्वास ठेवून माणसं डोळे मिटून मागे रेलतात, हे त्याला ठाऊक होतं. अंगठा वर जाईना. खांदाच जड झाला. आणि मग दोन्ही हात आपोआप वर गेले आणि त्यांची फुली झाली.

पुढे व्हायचं ते सगळं झालं. इंजिनिअर आला, खळग्यावर बोटं फिरवली, आतून दिवा मारून पाहिलं आणि उठून म्हणाला, "आतली फासळी चिरली आहे. हे असं वर नेलं असतं तर धडगत नव्हती. बरं झालं सांगितलंत." प्रवासी उतरवले गेले आणि तावातावाने थेट काउंटरवर जाऊन थडकले. काउंटरवर कोण? बैठक अर्धवट टाकून धावत आलेली चिटणीसबाई. लोकांच्या शिव्या खाता खाता तिने बिनतारी यंत्रावर विचारलं, "कुणाच्या हातून लागलं?" पलीकडून उत्तर आलं आणि तिच्या हातातला पास तसाच राहिला.

कंपनीच्या साहेबांनी घुम्याकडून ओळखपत्र काढून घेतलं. "नियम नियम आहे," ते म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नसावं.

बैठक संध्याकाळी पुन्हा भरली. घुम्या कँटीनच्या मागच्या पायरीवर बसला होता. आत जायचं तोंड नव्हतं आणि घरी जायचं धाडस नव्हतं. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

बायकोचा आवाज आला, "आरोप माझ्या नवऱ्यावर आहे. मी बोलणार नाही आणि मतही देणार नाही." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि ती काउंटरवर निघून गेली.

मग तोंडं सुटली. विमानात जेवणाच्या पेट्या पोचवणारा दाढीवाला म्हणाला, "सभासद नाही, बैठकीला नाही, आपल्याला जन्मभर हसत आला. आणि आता आपण सुट्ट्या सोडायच्या त्याच्यासाठी? चिटणीसबाईंचा नवरा म्हणून? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

टाळ्या पडल्या. पायरीवर बसलेल्या घुम्यालाही त्याचं म्हणणं पटलं. खिडकीबाहेर नसता तर त्यानेही टाळी दिली असती.

मग बेल्टवाला उठला. त्याला भाषण येत नसे, तो नुसताच खेकसला. "मी सांगितलं त्याला, लपव म्हणून! मी! तुमचा सभासद! आणि त्याने नाही लपवलं. गाडीजवळ दोन माणसं लागतात, तो एकटा होता, कारण मी इथे बसून सुट्टीसाठी भांडत होतो. उद्या माझ्या हातून लागेल, परवा तुझ्या हातून. मी तर सांगणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मग बसा तुमची बायकापोरं घेऊन त्या विमानात, सुट्टीला जायला!"

कुणी टाळी वाजवली नाही. शेवटी दाढीवालाच म्हणाला, "हात वर करा रे, कलमासाठी." आणि तोंड वाकडं करत त्यानेच पहिला हात वर केला.

ते सगळे मिळून साहेबांकडे गेले. सुट्टी सोडली, कलम द्या, आणि आजपासून द्या, असं म्हणाले. साहेब आधी म्हणाले, उद्यापासून. पण इंजिनिअरचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचला होता, आणि झाकलेल्या खळग्याने काय होऊ शकलं असतं हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी आजपासून दिलं. घुम्याला काही दिवस गाड्यांना हात लावायचा नाही, पहिला धडा पुन्हा गिरवायचा, एवढीच शिक्षा झाली. ओळखपत्र परत गळ्यात पडलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

"आता वर्गणी देणार का?" दाढीवाल्याने जाता जाता विचारलं.

"देतो," घुम्या म्हणाला. "पण तुमचा चहा पाणचट असतो, हे मी म्हणणारच."

दाढीवाला खोखो हसला.

मग तो काउंटरकडे गेला. रखडलेल्या प्रवाशांची रांग अजून सरली नव्हती आणि बायको तिच्या टोकाला बसून एकेकाला दुसऱ्या विमानात बसवत होती. तिला कुणीतरी कळवलं असावं, कारण तिचे डोळे लाल होते आणि तोंडावर हसू फुटायच्या बेतात होतं. तो रांगेमागे थांबला. एवढ्या लोकांत ओरडून काय बोलणार? तिने त्याला पाहिलं. हातातलं काम खाली ठेवलं. आणि सगळ्यांसमोर दोन मुठी वर धरून तिने अंगठे वळवले.

बाहेर.

म्हणजे ठोकळे काढले, निघायच्या तयारीला लाग. मन लावून, अगदी आत्मविश्वासाने चुकीचं सांगितलं तिने. घुम्याला हसू आवरेना आणि रडूही. रांगेतल्या लोकांना बाजूला सारत तो काउंटरपाशी गेला, तिच्या मुठी आपल्या हातांत घेतल्या आणि दोन्ही अंगठे हळूच आत वळवले.

"असं असतं," तो म्हणाला, तोंडाने.