गो बाय

सहार विमानतळाबाहेर, भर दुपारी, मी माझ्या ड्रमस्टिक केतनच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "दोन वर्षं सांभाळ. आलो की परत घेईन." केतन आमच्या घाटकोपरच्या मागच्या बिल्डिंगमधला गुजराती मित्र. त्याला ड्रम मीच शिकवले होते. फिकर मत कर, म्हणाला तो. आई माझ्या बॅगेत तळलेल्या बांगड्यांचा डबा कोंबत होती, बाबा भलतीकडे बघत उभे होते आणि आमच्या बँडचा गायक जेरोम स्कूटरवर बसून दात काढत होता. मस्कतला एसी मेन्टेनन्सची नोकरी लागली होती. संपानंतर बाबांची गिरणी काही उघडली नाही, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. जाऊ की नको, हे मला कुणी विचारलंच नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

आमच्या बँडचं नाव रेड ऑक्साइड. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जेरोमच्या काकांचा गाळा होता, तिथे खिडक्यांच्या ग्रिलना तो तांबडा रंग मारायचे. रविवारी गाळा बंद, म्हणजे आमचा. जेरोम गिटार वाजवायचा आणि गायचा, त्याचा भाऊ बेसवर, मी ड्रमवर. संध्याकाळी घरी गेलो की नाक शिंकरलं तरी तांबडं निघायचं. जेरोम मरोळ गावठाणातला, घरी आमच्यासारखाच मराठी बोलणारा, पण गाणी लिहायचा इंग्रजीत, आणि गायचा असा की जणू साहेब कालच बोटीतून उतरलेत.

त्याच्या एका गाण्याला शेवटच सापडत नव्हता. ट्यून झकास, ताल माझा, पण शब्द नाहीत. आता माझ्या आईची एक सवय. दूध उतू गेलं, कुणी पास झालं, कुणी वारलं, तिच्या तोंडून पहिलं काय निघणार, तर "अगो बाय!" आमच्याकडे मालवणात बायका एकमेकींना हाकही तशीच मारतात. मी वैतागून ड्रममागून तिच्याच सुरात ओरडलो, गो बाय, गो बाय! सगळे हसून हसून लोळले. पुढच्या रविवारी हसले नाहीत, कारण ते गाण्यात फिट्ट बसलं होतं.

आणि मग मी गेलो.

मस्कतला पहिलं वर्ष मी कंप्रेसरच्या घरघरीवर बोटं वाजवत काढलं. एका खोलीत सहाजण, दोन केरळचे, एक पेशावरचा. शुक्रवारी सुट्टी. रविवारी सकाळी मी कुणाच्या तरी गच्चीवर एसीची कॉइल धूत असायचो आणि मनात मरोळचं शटर वर जायचं. रजेवरून परतणाऱ्या शेजाऱ्याबरोबर आईने कोकमं पाठवली, आणि त्याबरोबर घडी घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मुलाच्या बँडचा फोटो आलाय, म्हणजे मुलाचं नाव असणारच, एवढाच तिचा हिशोब.

माझं नाव नव्हतं. समीक्षकाने स्तुतीचे पूल बांधले होते. अंधेरीच्या छोट्या क्लबांत वाजवणारा हा बँड या शहरातला सर्वांत प्रामाणिक आवाज आहे म्हणे. माझ्या जागी बसलेल्या केतनच्या वादनात संयम आहे म्हणे. संयम! ज्याला मी वर्षभर "अरे हळू, हळू" म्हणत होतो त्याच्या वादनात! आणि शेवटच्या गाण्यावर तर अर्धा लेख. 'गो, बाय' या दोन साध्या इंग्रजी शब्दांत कवीने पोटासाठी पोरं परदेशी धाडणाऱ्या उपनगरांचं दुःख ओतलंय. म्हणजे, 'जा, बरंय तर मग.'

मी ते रूमवरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मोठ्याने हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. असा जळलो ना, की सांगता सोय नाही. गेलो मी, दुःख माझं, शब्द माझ्या आईचा, आणि कवी जेरोम!

दोन वर्षांनी रजेवर आलो तेव्हा अंधेरीत एका हॉटेलच्या तळघरात त्यांचं रविवार दुपारचं जॅम सेशन होतं. मी आईला मुद्दाम घेऊन गेलो. मनात पक्कं होतं, आज सगळ्यांसमोर सांगायचं की ही बघा 'गो बाय'ची खरी मालकीण. नऊवारीतली आई कोपऱ्यात लिंबू सरबत घेऊन बसली. शेवटचं गाणं आलं. शंभरेक पोरंपोरी हात वर करून, निरोपाला हलवावेत तसे हलवत गायला लागली, गो, बाय, गो, बाय. आई दचकली.

"हे सगळे माका कित्याक हाक मारतत रे?"

मी काही बोलणार तेवढ्यात जेरोमने माइकवर माझं नाव घेतलं. अस्सल मराठीत म्हणाला, "हे गाणं ह्याचं. शब्द ह्याच्या आईचा, इंग्रजी नाही तो, मालवणी आहे. हा गेला त्या दिवसापासून आम्ही ते ह्याच्यासाठी गातो." टाळ्या पडल्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि तरी आतली आग तसूभर विझली नाही. जेरोम, तुला तेव्हा बोललो नाही, आता सांगतो. माझ्यावर गाणं नको होतं रे मला. मला ते वाजवायचं होतं.

केतनने उठून स्टिक पुढे केल्या. मी बसलो. तेच गाणं, माझाच ताल. चार ओळींत मी पुढे पळालो, जेरोम मागे राहिला, बेसवाला माझ्याकडे बघत सावरत राहिला. मनगटं पाना फिरवून घट्ट झाली होती. लोकांनी प्रेमाने टाळ्या वाजवल्या, पाहुण्याला वाजवतात तशा. मग केतन बसला आणि तेच गाणं पुन्हा सुरू झालं. मी आईशेजारी उभा राहून ऐकलं. संयम होता. समीक्षक खोटं बोलला नव्हता.

 टॅक्सीत आई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "खरा सांगू बाबू? तो तुझ्यापरास बरो वाजवता."

मस्कतमध्ये मला असं तोंडावर कुणी बोलत नाही. तिथे सगळे सांभाळून घेतात, कारण कुणालाच कुणाचं काही पडलेलं नाही. तिथे माझ्याहून लायक माणूस सुपरवायझर झाला तेव्हा मी त्याला मिठाई दिली आणि शांत झोपलो. केतनचं नाव मात्र आजही कुठे छापून आलं की मी ताटावरून उठतो. बायको म्हणते, एवढी वर्षं झाली, सोडा ना आता. कसं सोडू? जिथल्या माणसांवर मी अजून जळतो, तेच माझं घर. ज्या दिवशी जळणं थांबेल, त्या दिवशी मी खरोखर गेलो असं समजा.