एक जूनची अकरा लग्नं

एकनाथराव बिलोलीकरांना इंग्लंडातल्या लिटल मॉप्सबरी नावाच्या खेड्यातली तीनशे बारा माणसं नावानिशी माहीत होती, आणि अंबरपेठेतल्या स्वतःच्या गल्लीतली जेमतेम चौदा. यात गल्लीचा काही दोष नाही. गल्लीतली माणसं जिवंत होती. ती भर दुपारी घरी येऊन बसत, चहा पीत आणि कुणाच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं ते सांगत. मॉप्सबरीच्या माणसांना मरून दोनशे वर्षं होत आली होती, त्यामुळे त्यांच्याकडून तसा उपद्रव नव्हता.

ही ओळख झाली कशी, ते आधी सांगायला हवं.

एकनाथराव सिकंदराबादला रेल्वेत कारकून होते. रेल्वेच्या डॉक्टरांची सर्टिफिकिटं वाचून वाचून त्यांची नजर अशी तयार झाली होती की कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेली, तरी तिला काय म्हणायचंय ते हे सांगतील, असं त्यांचे साहेब म्हणत. सत्त्याण्णवच्या मे अखेर ते अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. पुढच्याच मे महिन्यात सरकारनं निवृत्तीचं वय साठ केलं. त्या दिवशी मालनबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, स्वयंपाकघरात जी भांडी आपटली, त्यांतलं एक पातेलं अजून ओट्यावर सरळ बसत नाही.

भांड्यांचा रोख सरकारवर नव्हता, बिलोलीकडच्या एका हेडमास्तरांवर होता. पोलीस ॲक्शननंतर शाळेतल्या निजामाच्या अमदानीतल्या तारखा इंग्रजीत करायचं काम निघालं, तेव्हा या मास्तरांनी आकडेमोडीला कंटाळून अख्ख्या वर्गाचा जन्म एक जूनला करून टाकला. एकेचाळीस पोरं, सगळी एकाच दिवशी. वर प्रत्येकाला एखाददीड वर्ष पदरचं घातलं, म्हणजे पोरं लवकर मॅट्रिक होतील आणि लवकर नोकरीला लागतील. एकनाथराव खरे जन्मले त्यानंतर दीड वर्षानं, दिवाळीच्या सुमाराला. खरी तारीख लागली असती तर ते दोन हजार साल उजाडलं तरी खुर्चीत असते.

“मास्तरनं तुमचं वाटोळं केलं,” मालनबाई म्हणत.

“चांगल्या मनानं केलं गं,” एकनाथराव म्हणत. तारीख ही कुणीतरी जाणत्या माणसानं दुसऱ्याच्या भल्यासाठी लिहायची गोष्ट आहे, असं त्यांचं पक्कं मत होतं. या मताकडे जरा लक्ष ठेवा.

निवृत्तीनंतर मालनबाईंनी त्यांना तीन कामं दिली: अंबाडी निवडणं, गिरणीवर जाणं, आणि टीव्ही चालू असताना गप्प बसणं. वर्षभरात एकनाथराव अंबाडीच्या जुडीसारखेच मलूल झाले. तेवढ्यात पुष्कर अवतरला.

पुष्कर पुण्याचा, वय सत्तावीस. तारनाक्याला मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, आठ कॉम्प्युटर आणि एक फॅक्स मशीन एवढ्या भांडवलावर त्यानं कंपनी काढली होती. देश खुला झालाय, आता नुसतं दार उघडून बसायचं, असा त्याचा हिशेब. आणि दारातून खरोखरच इंग्लंड आत आलं. तिकडच्या लोकांना आपापले पूर्वज शोधायची हौस सुटली होती. त्यासाठी खेड्यापाड्यांतल्या चर्चच्या जुन्या वह्या, बारसं, लग्न, मयत, सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं होतं. नमुन्याला एक गाव मिळालं, लिटल मॉप्सबरी. ते बिनचूक झालं तर पुढे अख्खा जिल्हा मिळणार होता.

अडचण एकच होती, मॉप्सबरीचे पाद्री रेव्हरंड प्रिंगल यांचं अक्षर. पुष्करची पोरं पहिल्या पानाला गळाठली. तेव्हा त्यांतला संदेश म्हणाला, “साब, हमारे गल्लीत एक काका आहेत. ते डॉक्टरचं पण वाचतात.”

एकनाथरावांनी पहिलं पान हातात धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि वर्तमानपत्र वाचावं तसं वाचून दाखवलं. पुष्करनं तिथल्या तिथं खुर्ची दिली. पण तीन महिन्यांच्या बोलीवर. “गाव पास झालं तर खुर्ची कायमची तुमची, काका. नाही झालं तर…” पुढचं एकनाथरावांना न सांगता दिसलं. पुढे अंबाडी होती.

काम असं चाले. एकच पान आधी ऑफिसातली राणी टाइप करी, मग संदेश. दोघांचं मशीन ताडून बघे. जिथं जमत नसे ते एकनाथरावांकडे येई, आणि त्यांनी एका बोटानं जे ठोकलं ते अखेरचं. वरती कोणी नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत वरती कोणी नाही अशी जागा त्यांना प्रथमच मिळाली होती.

महिनाभरात मॉप्सबरी त्यांना सासुरवाडीइतकी पाठ झाली. कोणाची कुठे दिली, कोण कोणाचा साडू, हे ते कॉम्प्युटरच्या भोकाभोकांच्या कागदामागे लिहून ठेवत. रात्री जेवताना भाकरीबरोबर मॉप्सबरी निघे.

“नटलीच्या घरचा जॉर्ज गेला,” ते सांगत.

“कोण, तो दारुडा?”

“त्याचा बाप. जॉर्ज म्हणून तिथं सतरा आहेत.”

“नावाचा दुष्काळ दिसतो,” मालनबाई म्हणत. त्यांनी आता टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली होती.

आणि मग एका संध्याकाळी हॅना पेगचं प्रकरण निघालं. हॅना ही पाणचक्कीवाल्याची थोरली. तिचं लग्न कधी लागतंय म्हणून मालनबाई आठवडाभर विचारत होत्या.

“लागलं,” एकनाथराव म्हणाले, पण घास घेईनात. “सतराशे अठ्ठ्याण्णव. चार मार्चला.”

“मग तोंड का पाडलाव?”

“पोराचं बारसं बावीस एप्रिलला आहे.”

मालनबाईंनी बोटं मोजली. एक बोट पुरं झालं आणि दुसरं अर्ध्यावर राहिलं. त्यांनी भाजीची कढई खाली ठेवली.

“हे कागदावर आहे?”

“कागदावर आहे. आता कॉम्प्युटरवर जाणार. जगात कुणीही बघेल.”

“अगं बाई! आणि लेकीचं नाव तसंच राहू देणार तुम्ही? अखेरचं बोट तुमचं म्हणता ना?”

“अगं, पण रेकॉर्ड…”

“मास्तरनं तुमचं बदललं, तेव्हा रेकॉर्ड नव्हतं? आन् तिथं नुकसान झालं तुमचं. इथं कुणाचं होतंय? मेली ना बिचारी!”

सकाळी ऑफिसात जाऊन एकनाथरावांनी हॅना पेगचं लग्न एक जून सतराशे सत्त्याण्णवला लावून दिलं. एक जूनच का, हा प्रश्नच नव्हता. सरकारदरबारी अडचणीच्या गोष्टी एक जूनलाच होतात.

एक लग्न लावलं की मंगल कार्यालयवाल्याचा हात थांबत नाही. मॉप्सबरीत असे घाईचे संसार बरेच निघाले. हॅनाच्या सख्ख्या बहिणीचा, नटलीच्या दोन लेकींचा… मालनबाई रोज दारातच विचारत, “आज कोणाची?” पंधरा दिवसांत अकरा लग्नं मागं सरकली. सगळी एक जूनची. त्यांतली चार तर सतराशे सत्त्याण्णवच्याच एक जूनला, एकाच मांडवात म्हणा ना. मात्र रेल्वेचा कारकून तो रेल्वेचा कारकून. प्रत्येक फेरफार एकनाथरावांनी वहीत टिपला होता: अनुक्रमांक, जुनी तारीख, नवी तारीख, कारण आणि सही. कारणाच्या रकान्यात अकराही ठिकाणी एकच मजकूर होता: ‘लेकीचा प्रश्न.’

गाव इंग्लंडला गेलं. तीन आठवडे फॅक्स मशीन मुकं राहिलं. मग एका सोमवारी ते कुरकुरलं आणि त्यानं हातभर लांब कागद बाहेर टाकला. पुष्करनं तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला.

“काका,” तो म्हणाला, “मॉप्सबरीत एक जूनला काय असतं?”

राणी आणि संदेशनं कीबोर्डवरची बोटं उचलली.

फॅक्स मिस विनिफ्रेड टपर यांचा होता. या बाई मॉप्सबरीतच राहणाऱ्या, निवृत्त शाळामास्तरीण, गावाचा इतिहास गोळा करणाऱ्या. नमुना तपासायला त्यांच्याकडेच गेला होता. त्यांनी लिहिलं होतं की बाकी काम पाहून त्या थक्क झाल्या. रेव्हरंड प्रिंगल यांचं अक्षर इतकं अचूक गावात आजवर कुणाला लागलेलं नाही. पण अकरा लग्नांच्या तारखा चुकल्यात, आणि अशा शिस्तीत चुकल्यात की हे यंत्राचं काम वाटत नाही. शिवाय सत्त्याण्णवच्या एक जूनला चार लग्नं लागणं शक्य नाही. त्या दिवसांत रेव्हरंड प्रिंगल पायाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते, आणि तसं त्यांनी स्वतःच वहीच्या समासात लिहून ठेवलं आहे.

“मी केलं,” एकनाथराव म्हणाले.

“काय?”

“लग्नं. पण समास…” त्यांनी फॅक्सवर बोट टेकवलं. “समास माझ्याकडून राहिला, पुष्करराव. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं.”

“अहो समासाचं काय घेऊन बसलात! तुम्ही तारखा बदलल्यात!”

“त्या चांगल्या मनानं बदलल्या. समास मात्र हलगर्जीपणा आहे.”

पुष्करनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. “दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या इंग्रज बाईची अब्रू तुमच्या काय कामाची, काका?”

“बाईची अब्रू आहे, कामाची कशी असेल?”

संदेश खुर्चीमागून पुटपुटला, “काका सही बोलरे, साब.”

“तू गप रे! हे बघा काका, दहा दिवसांची मुदत दिलीय. बाई म्हणतायत, दुरुस्त करून पाठवा. खऱ्या तारखा कुठल्या, ते त्यांनी लिहिलं नाहीये. आता सगळं गाव पुन्हा तपासायचं म्हणजे…”

एकनाथरावांनी खणातून वही काढून टेबलावर ठेवली. पुष्करनं अनुक्रमांक पाहिले, तारखा पाहिल्या, अकरा सह्या पाहिल्या.

“तुम्ही गुन्ह्याची पावती ठेवलीत?”

“नोंद नको का?”

दुपारपर्यंत एकनाथरावांनी दहा लग्नं परत जागेवर नेली. अकरावं हॅनाचं. बोट कीबोर्डवर गेलं आणि थांबलं. चार मार्च लिहिलं, की पोरगी जगासमोर उघडी पडली. नाही लिहिलं, की खुर्ची गेली. पुष्कर काचेमागून पाहत होता. एकनाथराव उठले, खालच्या एसटीडी बूथवर गेले आणि शेजारच्या अनुराधाबाईंच्या फोनवर मालनबाईंना बोलावून घेतलं.

मालनबाईंनी सगळं पहिल्यापासून पुन्हा एकदा सांगायला लावलं. मीटर पळत होतं.

“ती फॅक्सवाली बाई,” त्यांनी शेवटी विचारलं, “हॅनाची कोण लागते?”

“आता ते मी कसं…”

“विचारलं का? गावातलीच म्हणता, म्हातारी म्हणता. तिच्या घरची असली तर तिला ठरवू द्या ना. तुम्ही आम्ही कोण?”

एवढं साधं एकनाथरावांना सुचलं नव्हतं. त्यांनी वर येऊन स्वतःच्या हातानं फॅक्स लिहिला, रेल्वेच्या इंग्रजीत. ‘सविनय कळविण्यात येते की’ पासून सुरुवात, हेडमास्तर, एकेचाळीस पोरं, हॅनाचं बाळ, सगळं क्रमवार. शेवटी: आपण हॅनाच्या नात्यातल्या असल्यास व कुटुंबाची हरकत नसल्यास योग्य तो आदेश व्हावा. पुष्करनं वाचून कपाळावर हात मारला, पण पाठवला. त्याच्याकडे दुसरा उपाय तरी काय होता? प्रिंगल त्याला वाचता येत नव्हते.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, हातानं लिहिलेलं. हॅना पेग ही मिस टपर यांच्या खापरपणजीची आई. घरातल्या जुन्या बायबलात पहिल्या पानावर तिच्या लग्नाचं साल होतं सतराशे सत्त्याण्णव. कागद जरा खरवडून, वेगळ्या शाईनं लिहिलेलं. हे कुणी केलं आणि का, ते घरात कुणालाच कधी सांगता आलं नव्हतं. विचारलं की आजी विषय बदलायची. ‘चाळीस वर्षं मी विचार करत होते की असं करणारा माणूस कसा असेल,’ मिस टपर यांनी लिहिलं होतं. ‘आता माझ्यापाशी त्याचा फॅक्स नंबर आहे.’ तारीख जशी आहे तशीच लिहावी, ही विनंती. मात्र शेऱ्याच्या रकान्यात ‘घरच्या बायबलानुसार १७९७’ असं जरूर टाकावं, कारण तेही खरंच आहे.

एकनाथरावांनी एका बोटानं चार मार्च ठोकलं. मग शेरा. शेरा लिहायला त्यांनी पाच मिनिटं घेतली, आणि या वेळी समास दोनदा पाहिला.

गाव पास झालं. जिल्हा मिळाला, बेचाळीस खेडी. खुर्ची कायम झाली, तरी पुष्करनं एकनाथरावांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: ‘दिसेल तेच लिहा.’ एकनाथरावांनी ती वाचली, ‘दिसेल’ खाली बारीक रेघ मारली आणि सही केली.

एक जूनला ऑफिसात केक आला, कारण कंपनीच्या कागदावर त्यांचा वाढदिवस होता. ते मेणबत्ती विझवणार तोच फॅक्स कुरकुरला. मिस टपर यांनी अकरा जोडप्यांच्या वतीनं शुभेच्छा पाठवल्या होत्या, खाली अकरा नावं. एकनाथरावांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि संध्याकाळी मालनबाईंना वाचून दाखवला.

मालनबाईंनी हॅनाचं नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग केकचा तुकडा तोंडात टाकत म्हणाल्या, “बरं, नवीन गावात काय चाललंय?”

“तिथं पाद्रीणबाईंच्याच पोराचं बारसं निघालंय,” एकनाथराव म्हणाले. “आणि समासात लिहिलंय, पाद्री वर्षभरापासून परगावी आहे.”

मालनबाईंनी बोटं वर केली, एकनाथरावांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खाली घेतली.